रसायनशास्त्र मानवजातीला उपकारक की अपायकारक? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘विज्ञान: शाप की वरदान’ या विषयावर आपल्याकडे निबंध लिहिले गेले नाहीत असे एकही वर्ष गेले नसेल, आणि त्यांतील बहुतेकांचा शेवट ‘ते वापरणाऱ्यावर अवलंबून आहे’ याच वाक्याने झालेला असतो. ते वाक्य चुकीचे नाही, पण पुढचा विचार थांबवण्याइतके सोयीचे मात्र आहे. खालील उत्तरे त्या वाक्याच्या पलीकडे काय आहे ते सांगण्यासाठी लिहिली आहेत.

थोडक्यात उत्तर काय?

एकूण हिशेब मांडला तर रसायनशास्त्र उपकारक आहे, आणि तेही मोठ्या फरकाने, असे माझे मत आहे. अडचण अशी की हा हिशेब एका वहीत मांडता येत नाही. लाभ ज्यांच्या पदरात पडतो आणि किंमत जे मोजतात, ती माणसे बहुधा वेगळी असतात. कधी ती कारखान्याच्या भिंतीला लागून राहणारी असतात, कधी अजून जन्मालाही आलेली नसतात. पुढच्या जवळजवळ प्रत्येक उत्तरात हीच अडचण पुन्हा भेटेल.

‘रसायनमुक्त’ वस्तू असते का?

नसते. पाणी, मीठ, हवेतील प्राणवायू, आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन ही सारी रसायनेच आहेत, त्यामुळे रसायनमुक्त वस्तू म्हणजे पूर्णतः रिकामी जागा असेच म्हणावे लागेल. वेष्टनावर तसे छापणाऱ्याला ‘अमुक एक घटक यात नाही’ एवढेच म्हणायचे असते; तो घटक कोणता आणि त्याच्या जागी काय घातले आहे, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

या शब्दाचा प्रवास मोठा मजेशीर आहे. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नाव ‘रसायन’ असे आहे, आणि वार्धक्य लांबवून बल वाढवणारी चिकित्सा असा त्याचा अर्थ आहे. म्हणजे एकेकाळी ज्या शब्दाने आयुष्य वाढण्याची आशा दाखवली, तोच आज ‘यात रसायने आहेत’ अशा वाक्यात धोक्याची सूचना म्हणून वापरला जातो.

नैसर्गिक ते सुरक्षित आणि कृत्रिम ते घातक, हे कितपत खरे आहे?

असा कोणताही नियम नाही. आजवर माहीत असलेल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक असलेले बोट्युलिनम विष मातीत आढळणारा एक जीवाणू तयार करतो, आणि शरीराच्या दर किलोग्रॅम वजनामागे त्याचे काही नॅनोग्रॅम प्राण घेण्यास पुरेसे ठरतात. आर्सेनिक आणि ॲस्बेस्टॉस हेही निसर्गातच सापडतात. उलट, फळातील क जीवनसत्त्व आणि कारखान्यात तयार केलेले क जीवनसत्त्व यांचा रेणू एकच असतो: सहा कार्बन, आठ हायड्रोजन आणि सहा ऑक्सिजन अणू, त्याच क्रमाने जोडलेले. शरीराला त्याचे जन्मस्थान कळत नाही. फळासोबत तंतू आणि इतर पोषक घटक मिळतात हे खरे, पण तो फळाचा गुण झाला, रेणूचा नव्हे.

कृत्रिम पदार्थांबाबत एक सावधगिरी मात्र रास्त आहे. जो रेणू निसर्गात कधी नव्हताच, त्याचे विघटन करणारी यंत्रणा जीवाणूंकडे असेलच असे नाही. कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध इतका चिवट असतो की त्यावर उभी असलेली काही संयुगे माती-पाण्यात वर्षानुवर्षे टिकून राहतात.

मग विष कशाला म्हणायचे?

सोळाव्या शतकातील वैद्य पॅरासेल्सस याने मांडलेला विचार असा होता की पदार्थ विषारी ठरतो तो त्याच्या मात्रेमुळे. आपल्या भाषेत याला ‘अति तेथे माती’ असे तीन शब्दांचे उत्तर आधीपासून आहे.

क्लोरीनचे उदाहरण घेऊ. चाचणीनळीत नळाचे दहा मिलिलीटर पाणी घेऊन त्यात डीपीडी नावाच्या अभिकारकाची छोटी गोळी विरघळवली, की पाणी हळूहळू गुलाबी होते. रंग जितका गडद, तितका क्लोरीन जास्त. निर्जंतुक केलेल्या पाण्यात अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर लिटरमागे सुमारे अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असे मानतात. एवढ्या प्रमाणात पटकीचे आणि विषमज्वराचे जंतू तग धरत नाहीत, आणि पिणाऱ्याला फार तर किंचित वास जाणवतो. १९०८ मध्ये अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीनचा नियमित वापर सुरू झाला. सातच वर्षांनी, २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र येथे जर्मन सैन्याने दीडशे टनांहून अधिक क्लोरीन वाऱ्यावर सोडला. पिवळसर हिरवा ढग जमिनीलगत सरकत खंदकांत उतरला, आणि त्यातून जे सुटले नाहीत त्यांची फुप्फुसे द्रवाने भरत गेली. मूलद्रव्य तेच होते.

तरीही पॅरासेल्ससचा नियम सर्वत्र लावता येत नाही. शिसे शरीरात साठत जाते, आणि मुलांच्या मेंदूवर होणाऱ्या परिणामांच्या बाबतीत त्याची सुरक्षित मानता येईल अशी पातळीच आढळलेली नाही. शिवाय वय, गर्भावस्था आणि संपर्काचा कालावधी यांवरही बरेच ठरते. ‘थोडेसे आहे, काय होते त्याने’ हे वाक्य म्हणूनच पदार्थाचे नाव कळल्याशिवाय उच्चारू नये.

रसायनशास्त्राचा सर्वांत मोठा उपकार कोणता?

माझ्या मते हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करण्याची पद्धत, आणि या एका उदाहरणात मूळ प्रश्न जवळजवळ पूर्ण सामावलेला असल्यामुळे त्यावर थोडे थांबतो.

हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्राचा आहे, पण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने इतके घट्ट बांधलेले असतात की बहुतेक वनस्पतींना तो वापरता येत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शेती शेणखत, कडधान्यांच्या मुळांवरील जीवाणू, समुद्रपक्ष्यांची विष्ठा आणि चिलीतील खनिज नायट्रेट यांवर अवलंबून होती, आणि तो खनिज साठा संपल्यावर काय होणार ही चिंता उघडपणे बोलून दाखवली जात होती. १९०९ मध्ये फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाबाखाली आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने नत्र व हायड्रोजन यांचा संयोग घडवून दाखवला. कार्ल बॉश यांनी त्या प्रयोगाला कारखान्याचे रूप दिले, आणि १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे उत्पादन सुरू झाले. आजही तीच पद्धत वापरात आहे: लोहाचा उत्प्रेरक, चारशे ते पाचशे अंश सेल्सियस तापमान आणि वातावरणाच्या दीडशे ते अडीचशे पट दाब. जगाची लोकसंख्या १९०० साली सुमारे १६० कोटी होती, आज ती ८०० कोटींच्या वर आहे, आणि त्यांपैकी अंदाजे निम्म्या लोकांचे अन्न या नत्रावर पिकते. आपल्या स्नायूंतील प्रथिनांमध्ये असलेल्या नत्राचा मोठा वाटा कधीतरी अशाच एखाद्या पोलादी नळकांड्यातून गेलेला असतो.

आता त्याच वहीचे दुसरे पान. अमोनियापासून नायट्रिक आम्ल आणि त्यापासून स्फोटके बनतात. सागरी नाकेबंदीमुळे चिलीचे नायट्रेट बंद झालेल्या जर्मनीला पहिले महायुद्ध लढत राहणे शक्य झाले ते याच पद्धतीमुळे. ईप्रच्या क्लोरीन हल्ल्याची आखणी आणि देखरेख केली ती हाबर यांनीच, आणि १९१८ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अमोनियासाठी मिळाले तेही त्यांनाच. २१ सप्टेंबर १९२१ रोजी ओपाऊ येथे घट्ट बसलेला खताचा साठा सुटा करण्यासाठी नेहमीप्रमाणे सुरुंग लावला गेला आणि पाचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. शतक उलटत आले तरी धडा पुरता गिरवला गेला नव्हता. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या सुमारे २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला आणि दोनशेहून अधिक लोकांचा बळी गेला.

याहून संथ हानी शेतातच होते. टाकलेल्या नत्राचा जवळपास निम्मा भाग पिकापर्यंत पोहोचत नाही. तो नदीनाल्यांतून समुद्राला मिळतो, तेथे शैवाल फोफावते, ते कुजताना पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि तो वायू उष्णता अडवण्यात वजनाला वजन लावल्यास कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे पावणेतीनशे पट प्रभावी आहे. जेवणाऱ्याला यातले काही दिसत नाही. दिसते ते नदीच्या मुखाशी जाळे टाकणाऱ्याला.

औषधांच्या बाबतीत तरी निर्विवाद ‘उपकारक’ म्हणता येईल ना?

बऱ्याच अंशी. १८४६ मध्ये बॉस्टन येथे ईथरची भूल देऊन केलेल्या जाहीर शस्त्रक्रियेपूर्वी चांगला शल्यविशारद म्हणजे झटपट कापणारा, अशी स्थिती होती. रुग्णाला घट्ट धरून ठेवावे लागे. प्रतिजैविके, ॲस्पिरिन, हिवतापावरील आर्टेमिसिनिन या सर्वांच्या मागे रेणू वेगळा करणे, शुद्ध करणे आणि त्याची रचना ओळखणे हे रसायनशास्त्राचे काम आहे.

परंतु थॅलिडोमाइडचे नाव घेतल्याशिवाय हे उत्तर पुरे होणार नाही. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत हे झोपेचे औषध अत्यंत निर्धोक म्हणून बाजारात आले, गर्भवतींना मळमळीवरही दिले गेले, आणि १९६१ मध्ये ते मागे घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बालके हातापायांच्या गंभीर व्यंगांसह जन्मली होती. अमेरिकेच्या औषध प्रशासनातील फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावा अपुरा असल्याचे सांगून परवानगी रोखून धरली, म्हणून तेथील हानी तुलनेने फार कमी राहिली. पुढे हेच औषध कुष्ठरोगातील वेदनादायी प्रतिक्रियेवर आणि अस्थिमज्जेच्या एका कर्करोगावर उपयोगी ठरले. आज ते कडक अटींखाली दिले जाते. उलट दिशेचा प्रवासही झालेला आहे. मस्टर्ड वायू या युद्धात वापरलेल्या विषारी वायूने मेलेल्या सैनिकांच्या शरीरात पांढऱ्या पेशी कमालीच्या घटलेल्या आढळल्या होत्या, आणि त्या निरीक्षणावरूनच १९४२ मध्ये त्याच्या एका नत्रयुक्त भाईबंदाचा वापर लसिकाग्रंथींच्या कर्करोगावर करून पाहण्यात आला. आधुनिक रासायनिक उपचारपद्धतीची सुरुवात तेथून धरली जाते.

शोध लागतो त्याच वेळी धोका का ओळखता येत नाही?

दोन वेगळी कारणे आहेत, आणि योगायोग असा की दोन्हींची उदाहरणे थॉमस मिजली या एकाच संशोधकाच्या नावावर आहेत.

पहिले कारण म्हणजे योग्य प्रश्नच सुचत नाही. सुरुवातीच्या शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड आणि मिथाइल क्लोराइड हे वायू असत, आणि गळती झाली तर घरातली माणसे दगावत. त्यावर मिजली आणि सहकाऱ्यांनी क्लोरोफ्लुरोकार्बन संयुगे शोधली. १९३० मध्ये त्यांनी भर सभेत हा वायू श्वासावाटे आत घेतला आणि फुंकर घालून मेणबत्ती विझवली. म्हणजे विषारीही नाही आणि ज्वालाग्राहीही नाही. त्या काळी जे दोन प्रश्न विचारले जात, त्या दोहोंची उत्तरे खरी होती. ‘काम झाल्यावर हा वायू जातो कुठे?’ हा तिसरा प्रश्न मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये विचारला, आणि उत्तर ‘ओझोनच्या थरात, आणि तेथे तो ओझोन नष्ट करतो’ असे निघाले. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनची घट प्रसिद्ध झाली, १९८७ मध्ये अशा वायूंना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार झाला, आणि तो पाळला गेल्यामुळे सध्याच्या अंदाजानुसार २०६६ च्या सुमारास तेथील ओझोन १९८० च्या पातळीवर येईल.

दुसरे कारण अधिक क्लेशदायक आहे: धोका माहीत असतो, पण तो मान्य करणे परवडणारे नसते. शिसे विषारी आहे हे प्राचीन काळापासून ठाऊक होते. तरीही इंजिनातील ठोके थांबवण्यासाठी १९२० च्या दशकात पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळले जाऊ लागले. ते तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले, तरी वापर चालूच राहिला. पुढे क्लेअर पॅटरसन हे भूरसायनतज्ज्ञ पृथ्वीचे वय काढण्यासाठी उल्केतील शिशाची समस्थानिके मोजत असताना त्यांचे नमुने सतत बाहेरच्या शिशाने दूषित होऊ लागले. त्यांनी कमालीची स्वच्छ प्रयोगशाळा उभारून वय काढले, सुमारे ४५५ कोटी वर्षे, आणि मग हे शिसे येते कुठून याचा माग घेतला. तो पेट्रोलपर्यंत गेला. वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया होता. तेथे ते २०२१ मध्ये बंद झाले.

या दोन्ही प्रकरणांत हानी करणारे आणि ती शोधून काढणारे शास्त्र एकच होते, हे रसायनशास्त्राच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण शोध आणि बंदी यांमधल्या काळाचे ओझे ज्या मुलांनी वाहिले त्यांना या नोंदीचा उपयोग नाही, हेही तितकेच खरे.

भोपाळसारखी दुर्घटना हा रसायनशास्त्राचा दोष म्हणायचा का?

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळमधील कीटकनाशकाच्या कारखान्यात मिथाइल आयसोसायनेट या विषारी द्रवाच्या टाकीत पाणी शिरले. मिथाइल आयसोसायनेट आणि पाणी यांच्या अभिक्रियेत उष्णता बाहेर पडते, ती उष्णता अभिक्रियेचा वेग आणखी वाढवते, आणि सुमारे चाळीस टन वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. मृत्यूंचा आकडा हजारांत गेला, पाच लाखांहून अधिक लोक त्या वायूच्या संपर्कात आले. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा कित्येक महिने बंद होती, वायू धुऊन काढणारी यंत्रणा कामी आली नाही, आणि तो जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याची नळी दुरुस्तीसाठी सोडवलेली होती. हे सारे निर्णय माणसांचे होते.

तरीही ‘शास्त्र निर्दोष, माणसे दोषी’ एवढ्यावर मी हे उत्तर संपवणार नाही. मिथाइल आयसोसायनेट हा मधल्या टप्प्यातील पदार्थ होता. तो इतक्या प्रमाणात साठवून न ठेवता, तयार होताच वापरून टाकणारी किंवा तो अजिबात न लागणारी प्रक्रिया निवडणे शक्य होते, आणि प्रक्रियेची निवड हा रसायनशास्त्राचाच भाग आहे. सुरक्षा अभियंता ट्रेव्हर क्लेट्झ ही गोष्ट भोपाळच्या आधीच सांगत होते: जे साठवलेलेच नाही, ते गळणार नाही.

रासायनिक शस्त्रांवर बंदी आहे, मग क्लोरीन खुलेआम कसा तयार होतो?

१९९७ पासून लागू असलेल्या रासायनिक शस्त्रबंदी कराराची व्याख्या विचारपूर्वक केलेली आहे. तो काही पदार्थांच्या याद्या देतो, पण मुख्य भर हेतूवर आणि प्रमाणावर ठेवतो. कोणताही विषारी पदार्थ इजा करण्याच्या हेतूने वापरला की तो शस्त्र ठरतो, म्हणून पाणी शुद्ध करणारा क्लोरीन वैध आणि लोकांवर सोडलेला क्लोरीन गुन्हा. २०२३ च्या जुलैमध्ये जगातील सर्व घोषित साठे नष्ट करून झाले. अघोषित प्रकार थांबलेले नाहीत. सीरियातील युद्धात क्लोरीन वापरला गेल्याचे या कराराच्या तपासयंत्रणेने नोंदवले आहे.

प्लास्टिकचे काय?

प्लास्टिकचा गुण आणि दोष एकच आहे: ते टिकते. रक्ताची पिशवी आणि निर्जंतुक सुई यांसाठी तो टिकाऊपणा अमूल्य आहे, पाच मिनिटांच्या वापरासाठी तो निरर्थक आहे. २०१५ पर्यंत कचऱ्यात गेलेल्या एकूण प्लास्टिकपैकी केवळ नऊ टक्क्यांच्या आसपास पुनर्प्रक्रियेला गेले, असा एका बहुचर्चित अभ्यासाचा निष्कर्ष आहे.

‘हरित रसायनशास्त्र’ ही केवळ जाहिरात आहे का?

काही ठिकाणी आहे, पण संकल्पना भक्कम आहे. १९९८ मध्ये पॉल अनास्टास आणि जॉन वॉर्नर यांनी तिची बारा तत्त्वे मांडली, आणि कचरा निस्तरण्यापेक्षा तो होऊच न देणे हे त्यांतील पहिले. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक पूर्वी सहा टप्प्यांत बने आणि वापरलेल्या अणूंपैकी वजनाने जेमतेम चाळीस टक्के औषधात उतरत. तीन टप्प्यांच्या नव्या पद्धतीत हे प्रमाण सुमारे ७७ टक्क्यांवर गेले. औषधनिर्मितीत एक किलो औषधामागे पंचवीस ते शंभर किलो कचरा निघत असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या फरकाचे वजन कळते. दावा तपासायचा असेल तर आकडे मागावेत. हिरव्या पानाचे चित्र पुरेसे नाही.

घरात नेमकी कोणती काळजी घ्यावी?

स्वच्छतेची दोन द्रावणे कधीही एकत्र करू नयेत. ब्लीचमध्ये आम्लयुक्त शौचालय-स्वच्छक मिसळल्यास क्लोरीन वायू सुटतो, म्हणजे ईप्रचाच वायू बंद न्हाणीघरात. ब्लीचमध्ये अमोनिया मिसळल्यास क्लोरामाइन हे विषारी वायू सुटतात. डोळे चुरचुरून खोकला सुरू झाला तर पुसत न बसता आधी बाहेर पडावे. आणि कोणतेही द्रावण पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नये.

‘अमुक पाण्यात घातक रसायन सापडले’ अशी बातमी वाचल्यावर काय पाहावे?

प्रथम आकडा आणि त्याचे एकक. आजची उपकरणे लिटरमागे एक नॅनोग्रॅम इतका सूक्ष्म अंशही पकडतात. ऑलिंपिक आकाराच्या चारशे जलतरण तलावांत एक ग्रॅम पदार्थ विरघळवला तर जे प्रमाण होईल ते हे. त्यामुळे ‘सापडले’ याचा अर्थ ‘अपाय होईल’ असा आपोआप होत नाही. मात्र आकडा लहान दिसला म्हणून पान उलटूनही चालणार नाही, कारण वर उल्लेखिलेल्या चिवट फ्लोरिनयुक्त संयुगांपैकी दोन प्रमुख संयुगांसाठी अमेरिकेने २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील मर्यादा ठरवली, ती लिटरमागे अवघी चार नॅनोग्रॅम आहे.